तू लिहून आण

५ जानेवारी

विभागाच्या सूचनाफलकावर आज माझ्यासाठी नोटीस लागली. 'संशोधक विद्यार्थ्याने आपली नोंदणी रद्द का करू नये, याचा खुलासा मार्चमधील बैठकीत मूल्यमापन समितीपुढे करावा.' शेजारी कुणाची तरी छत्री हरवल्याची सूचना होती. छत्रीला काही मुदत दिलेली नाही.

हे माझं सहावं वर्ष. नोंदणी केली तेव्हा लोक विचारायचे, 'कधी होणार डॉक्टर?' आता विचारत नाहीत, आणि ते जास्त लागतं. विषय दगडफुलं. जुन्या दगडी भिंतींवर करडे-हिरवे चपटे ठिपके दिसतात, लोक शेवाळ समजून खरवडतात, ती. मी त्यांची वाढ मोजतो. शहराच्या जुन्या जलाशयाला लांबलचक भिंत आहे. तिचं एक टोक हमरस्त्याला लागून, दुसरं झाडीत. रस्त्याकडची दगडफुलं कशीबशी वाढतात, झाडीतली भराभर. भराभर म्हणजे वर्षाला तांदळाच्या दाण्याएवढी, पण आमच्या धंद्यात ती धावपळच. निष्कर्ष असा की गाड्यांचा धूर त्यांची वाढ खुंटवतो. सहा वर्षांचं सगळं एका वाक्यात मावतं, हे मला आत्ता लिहिताना कळलं.

आता नोटिशीचं कारण. समितीने माझे जुने सहामाही प्रगती अहवाल बाहेर काढले आणि त्यातले मार्गदर्शकांचे शेरे एका ओळीने वाचले. 'कामाची गती मंद.' 'लेखनात सफाई नाही.' 'आत्मविश्वास कमी.' 'स्वतंत्र विचारशक्ती मर्यादित.' खुद्द मार्गदर्शक असं म्हणत असतील, तर समितीने तरी काय करायचं?

ते शेरे सरांनी लिहिलेलेच नाहीत. मी लिहिले आहेत.

६ जानेवारी

काल पुढे लिहवेना. आज सरळ लिहून टाकतो.

आमच्याकडे पद्धत अशी. दर सहा महिन्यांनी विद्यार्थ्याने कामाचा अहवाल द्यायचा, खाली मार्गदर्शकाने शेरा लिहायचा, मग समितीने मान डोलवायची. असं करत करत शेवटचं सादरीकरण, मग प्रबंध बाहेरच्या परीक्षकांकडे, मग तोंडी परीक्षा. सर कामात बुडालेले. पहिल्याच अहवालाच्या वेळी त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "तुझं काम तुझ्याइतकं कुणाला ठाऊक? शेरा तूच लिहून आण, मी सही करतो." सगळ्यांना ते हेच सांगायचे. इतर मार्गदर्शकही तसंच करतात. आमच्यातला एकजण, त्याला आम्ही 'सुपरफास्ट' म्हणतो, स्वतःबद्दल लिहायचा, 'असामान्य बुद्धिमत्ता, विभागाचे भूषण.' तीन वर्षांत डॉक्टर होऊन तो आता आमच्याच विभागात शिकवतो.

माझा हातच उचलेना. स्वतःची आरती स्वतः ओवाळायची? पहिल्यांदा 'समाधानकारक' लिहिलं. दुसऱ्यांदा वाटलं, सारखं गोडगोड दिसलं तर कुणी शंका घेईल, जरा तिखट हवं. म्हणून 'गती मंद'. त्यातही हिशोब होता, की आता मंद म्हटलं तर पुढच्या खेपेला सुधारणा दाखवता येईल. पण पुढच्या खेपेलाही पेन तिकडेच वळलं. 'स्वतंत्र विचारशक्ती मर्यादित' हे वाक्य तर इतकं अस्सल मास्तरी उतरलं की लिहून झाल्यावर मी खूश होऊन चहा प्यायला गेलो होतो. मूर्ख.

हिला सगळं सांगितलं. ही म्हणजे माझी बायको, विमा कंपनीत आहे, आणि घर तिच्यावर चालतं. आधी ती खो खो हसली. मग हसायचं थांबली.

"सहा वर्षं तू स्वतःला नापास करत होतास?"

"नापास नाही. समाधानकारक."

"आणि मी दोनदा बढती नाकारली. या वर्षी होईल, या वर्षी होईल म्हणून." बढती दुसऱ्या शहरात होती. मी म्हटलं, मार्चमध्ये सगळं मार्गी लागेल. ती "बरं" म्हणाली आणि भाजी चिरायला लागली. ती चिडली नाही, हे बरं झालं.

१३ जानेवारी

बाईंनी चौथं प्रकरण परत पाठवलं. तिसऱ्यांदा.

सर गेल्या वर्षी निवृत्त झाले तेव्हा मला बाईंच्या गळ्यात बांधलं. त्या बाहेरून बदलून आलेल्या. दिसायला मवाळ, पण शिसपेन्सिल घेऊन बसल्या की कागदाची चाळण. प्रत्येक पानाच्या कडेला बारीक अक्षर. 'हे कशावरून?' 'आकृती आणि मजकूर जुळत नाहीत.' 'हे वाक्य छान, पण पुरावा?' आणि चौथ्या प्रकरणाच्या सुरुवातीलाच, अधोरेखित: 'नमुने कुणी ओळखले? कसे?'

मी त्यांच्या खोलीत गेलो. "सरांनी ओळखलेत," म्हटलं.

"कसे?"

"भिंतीजवळ येऊन. बघून."

"नुसतं बघून?"

सर पहिल्या वर्षी एकदा आले होते. चष्मा कपाळावर, गाडी चालूच. त्यांनी दोन्ही टोकांकडे हात केला आणि म्हणाले, "हे सगळं एकच आहे रे, लाग कामाला." तीस वर्षांचा अनुभव आहे त्यांचा. हे मी बाईंना सांगितलं नाही, नुसतं "हो" म्हटलं.

"एकसारखी दिसणारी दोन असू शकतात," बाई म्हणाल्या. "कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणाचा थेंब टाकला तर एक पिवळं होऊन लाल होतं, दुसरं होत नाही. एका दुपारचं काम आहे. करून घ्या, मग मी समितीत तुमच्या बाजूने ठामपणे बोलू शकेन."

बाजूने! मला काय कळत नाही? सरांचा विद्यार्थी आहे म्हणून माझ्या कामात खोट काढायची आहे. सरांनी इतक्या वर्षांत एकदाही माझं पान परत पाठवलं नाही. माणूस मोठा असला की असं असतं. थेंबबिंब काही टाकणार नाही.

२१ जानेवारी

सरांच्या घरी गेलो. अंगणात वेताच्या खुर्चीत बसले होते. मला बघून किती आनंद झाला त्यांना! आधी सुपरफास्टच्या नावाने हाक मारली, मग सावरून माझ्या. विषयही विचारला. "तू ते शिंपल्यांचं करत होतास ना?" वय झालं आता.

मी सगळं सांगितलं. शेरे तुमचे नव्हते, माझे होते, असं समितीला कळवलंत तर मी वाचेन. नाहीतर सहा वर्षं पाण्यात. सांगता सांगता मला रडू फुटलं आणि लाज वाटली. सरांनी माझा हात हातात घेतला. डोळे भरून आले होते त्यांचे.

"अरे वेड्या, एवढंच ना? समितीला तसलं काही कळवायची गरजच नाही. मी चांगलं खणखणीत शिफारसपत्र देतो. म्हणजे जुन्या शेऱ्यांना कुणी विचारणार नाही."

मी त्यांच्या पाया पडलो.

"तू लिहून आण," ते म्हणाले, "मी सही करतो."

२३ जानेवारी

दोन दिवस कोरा कागद. 'हा विद्यार्थी' इथपर्यंत येतो आणि अडतो. पुढे आपोआप 'मेहनती असला तरी' असं सुचतं.

शेवटी ही म्हणाली, "सरक. मी सांगते, तू लिही."

ती कपड्यांच्या घड्या घालत होती. मान वर न करता सांगत गेली. "हा विद्यार्थी चिवट आहे. सहा वर्षांत त्याने एकाही महिन्याचं मोजमाप चुकवलं नाही. ताप असताना गेला. रस्त्याच्या कामात भिंतीजवळ जाऊ देईनात, तेव्हा मुकादमाच्या हातापाया पडला. माझे बाबा दवाखान्यात होते त्या दिवशीही मोजमाप करून मग आला. लग्नाच्या वाढदिवसाला भिंतीपाशीच डबा खाल्ला. त्याला जे नीट बघायचं असतं ते तो फार नीट बघतो."

तिची चेष्टा करायची पद्धतच अशी कोरडी आहे. मी हसलो, बाबांचं आणि वाढदिवसाचं वाक्य गाळलं, बाकी जरा सरांच्या भाषेत फिरवलं. झकास झालं पत्र. तिने मुद्दाम वाचायला मागितलं. वाचून परत दिलं. "गाळलंस होय," एवढंच म्हणाली.

२ फेब्रुवारी

सरांनी सही केली. पत्र वाचलंही नाही. केवढा विश्वास!

पत्र अध्यक्षांना नेऊन दिलं. समितीचे अध्यक्ष म्हणजे गोल, हसतमुख गृहस्थ, सरांचे जुने मित्र. खालची सही बघून म्हणाले, "झालं तर मग. त्याचा शब्द म्हणजे शब्द. खुलासा आणि शेवटचं सादरीकरण, दोन्ही एकाच बैठकीत उरकून टाकू. घाबरू नकोस."

पेढ्यापाण्याचं बघ, असं वर म्हणाले. पायऱ्या उतरताना पाय हलके वाटत होते. कितीतरी महिन्यांनी पोटभर जेवलो.

१० फेब्रुवारी

ही सध्या आवराआवरीच्या मागे आहे. कपाटातले तिचे लोकरी कपडे, पुस्तकं, वेगवेगळ्या खोक्यांत. घर मोकळं वाटतंय. तिच्या एका मैत्रिणीची दुसऱ्या शहरात बदली झाली आहे म्हणे, तिच्यासाठी घर बघायचं चाललंय. मला फोनवर दोन घरं दाखवली आणि विचारलं, "एकटीला कुठलं बरं?" मी लहानसं, उन्हाचं सांगितलं. "तेच मलाही वाटलं," म्हणाली.

मधेच म्हणाली, "तुझी बैठक झाली की मला बोलायचंय. आत्ता नको, तुझं डोकं ठिकाणावर नाही."

सहलीचं काहीतरी ठरवत असणार. मलाही बदल हवाच आहे.

२६ फेब्रुवारी

अक्षर नीट येत नाही.

सादरीकरणासाठी भिंतीचे नवे फोटो हवे होते म्हणून सकाळी गेलो. खिशात कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणाची बाटली आणि ड्रॉपर. कारण एकच, बाईंचं तोंड बंद करायचं. बैठकीत त्यांनी विचारलं की म्हणायचं, केली चाचणी, बोला आता पुढे.

झाडीच्या टोकापासून सुरुवात केली. थेंब टाकला, काही झालं नाही. दुसऱ्यावर, तिसऱ्यावर, काही नाही. मजेत होतो. शीळसुद्धा घालत होतो. मग रस्त्याच्या टोकाला आलो. पहिल्या ठिपक्यावर थेंब टाकला. पिवळा झाला. मी बघत राहिलो. पिवळ्याचा लाल झाला, जखमेसारखा.

वाटलं, हाच एक असेल. शेजारच्यावर टाकला. तोही. मग मी वेड्यासारखा एकामागून एक टाकत सुटलो. माझे सगळे ठिपके, खडूने आकडे घातलेले, ज्यांना मी सहा वर्षं पोरांसारखं जपलं, ते एकेक करून लाल होत गेले. एकही चुकला नाही.

रस्त्याकडचं दगडफूल वेगळं आहे. झाडीतलं वेगळं. ते धुरामुळे हळू वाढत नाही, ती जातच हळू वाढणारी आहे. माझा निष्कर्ष म्हणजे बैल आणि बकरी शेजारी बांधून, बकरीला चारा कमी पडला असं म्हणण्यासारखा आहे.

मी तिथेच फुटपाथवर बसलो आणि रडलो. लोक बघत होते. एका बाईने पाण्याची बाटली पुढे केली आणि विचारलं, "घरी कुणी गेलं का?" मी नुसती मान हलवली. तिने ती कशी समजून घेतली कोण जाणे.

२८ फेब्रुवारी

कुणाला माहीत नाही. फक्त मला.

सुपरफास्टला गाठलं. मित्राची गोष्ट म्हणून सांगितलं, त्याने लगेच ओळखलं. "गप्प बस," म्हणाला. "सरांचं पत्र आहे, अध्यक्ष आपले आहेत. परीक्षकांची नावंसुद्धा तूच सुचवशील. प्रबंध कोण वाचतं रे?"

"बाई वाचतात."

"त्या एकट्या काय करणार?"

बरोबर आहे त्याचं. एक ठिपका लाल झाला म्हणून जग बुडत नाही. पदवी मिळाली की नोकरी, नोकरी मिळाली की हिच्यावरचा भार उतरेल. सहा वर्षं तिने वाट बघितली, तिला मी हे कुठल्या तोंडाने सांगू? जेवण जात नाही. डोळे मिटले की लाल रंग दिसतो. देवा, मी ती बाटली खिशात का घातली!

६ मार्च

सादरीकरण तयार आहे. चौथ्या प्रकरणातली रस्त्याकडची आकृती मी जरा लहान केली आहे.

बाईंनी जिन्यात थांबवून विचारलं, "थेंबाचं काय झालं?" मी म्हटलं, वेळ मिळाला नाही. त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. "तुमची तब्येत बरी नाही," म्हणाल्या. "बैठक पुढे ढकलायची का? मी बोलते अध्यक्षांशी."

डाव आहे, असं मनात आलं. आणि त्याच वेळी मनात आलं की सहा वर्षांत या विभागात माझी तब्येत कुणी विचारली नव्हती. नाही म्हणून सांगितलं.

११ मार्च, संध्याकाळ

झालं. जसं झालं तसं लिहितो.

समितीच्या खोलीत लांब टेबल, चार जण. अध्यक्ष, दोन सभासद, टोकाला बाई. मी चित्रं दाखवत बोललो. अध्यक्ष मधूनमधून "वा" म्हणत होते. एक सभासद फोनवर काहीतरी टाइप करत होते, दुसऱ्यांनी विचारलं की ही दगडफुलं घरात कुंडीत लावता येतात का. सगळे हसले, मीही हसलो. बाईंनी काही विचारलं नाही. समोरच्या कागदावरून नजर वर केली नाही. त्यांनी विचारलं असतं तर मी खोटं बोललो असतो, तयारी होती.

"छान," अध्यक्ष म्हणाले. "जुन्या शेऱ्यांचा प्रश्न मिटला. काय?" दोघांनी माना हलवल्या. मग त्यांनी समितीच्या निर्णयाचा कागद माझ्याकडे सरकवला. "शेऱ्याच्या चौकटीत काय लिहायचं ते तूच लिही. तुझं काम तुझ्याइतकं कुणाला ठाऊक? आम्ही सह्या करतो. चहा आलाय."

मी पेन घेतलं. 'समाधानकारक' लिहायला घेतलं होतं, देवाशपथ. 'स' काढला. आणि मला एकदम इतका संताप आला की काय सांगू. सरांचा, या गोलमटोल माणसाचा, त्या फोनवाल्याचा, पण सगळ्यात जास्त माझा. एकदा, फक्त एकदा कुणीतरी म्हणायला हवं होतं की थांब, बघू दे. 'स' खोडला आणि लिहिलं: 'भिंतीच्या दोन टोकांचे नमुने वेगवेगळ्या जातींचे आहेत. चाचणी केली आहे. मुख्य निष्कर्ष टिकत नाही. प्रबंध सादर करण्यास पात्र नाही.'

कागद परत सरकवला.

अध्यक्षांनी बिस्किट खाता खाता सही केली. दुसऱ्यांनी फोन कानाला लावून केली. तिसऱ्यांनी "कुठे करू?" विचारलं आणि केली. "अभिनंदन, डॉक्टर!" अध्यक्ष माझा हात हलवत म्हणाले आणि तिघेही चहाचे कप घेऊन बाहेर गेले.

बाई कागद वाचत होत्या. शेवटपर्यंत वाचला, पुन्हा वरून वाचला.

"कधी कळलं?"

"गेल्या महिन्यात."

"मला का नाही सांगितलंत?"

"मला वाटलं, तुम्हाला आनंद होईल."

त्यांनी चष्मा काढला. मग त्या तीन सह्यांच्या खाली त्यांनी आपली सही केली, सावकाश, पूर्ण नावानिशी. "हा शेरा बरोबर आहे," म्हणाल्या. "उद्या अध्यक्षांना कळेल त्यांनी कशावर सही केली ते. आरडाओरडा होईल. नोंदणी मात्र वाचणार नाही, खोटी आशा लावत नाही." दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. "रस्त्याकडे ती दुसरीच जात का टिकली, हे कुणीच विचारलेलं नाही अजून. पण आज घरी जा."

घरी आलो. ही दारातच उभी होती. मी सगळं सांगितलं, बूटही न काढता, उभ्या उभ्या. बाटलीपासून सहीपर्यंत काही लपवलं नाही. ती खुर्चीत बसली.

"कुणी पकडलं नसताना तू स्वतः लिहिलंस?"

"हो."

ती रडायला लागली. मला वाटलं, सहा वर्षं फुकट गेली म्हणून. मी जवळ गेलो तर तिने हाताने थांबवलं.

"ते घर मैत्रिणीसाठी नव्हतं," ती म्हणाली. "मी बढती घेतली आहे. पुढच्या महिन्यात जायचंय. तू पास झालास की सांगणार होते. पास झाला असतास तर जायला सोपं गेलं असतं रे मला."

पायाखालची जमीन सरकली, असं लिहायची पद्धत आहे. मला फक्त खोकी दिसली. भिंतीला लागून, एकावर एक. महिनाभर मी त्यांना वळसा घालून जात होतो. मी बोलायला लागलो. म्हटलं, बरोबर आहे तुझं, मी घरात नव्हतोच कधी, बाबांच्या वेळी नव्हतो, तुझ्या कुठल्याच बाबतीत मी कधी लक्ष, मला कळायलाच नेहमी उशीर, माझ्यासारख्या माणसाबरोबर कुणीही...

"थांब," ती म्हणाली. ओरडलीच. "हा शेरा तू नाही लिहायचास. मी लिहीन."

मग म्हणाली, मला जरा एकटीला बसू दे.

म्हणून मी बाहेर जिन्यात बसून हे लिहितो आहे. वरच्या मजल्यावरचे आजोबा दोनदा जाऊन आले, दोन्ही वेळा "बरं आहे ना?" म्हणाले. आतून काही आवाज नाही. मी वाट बघतो आहे.